सीडी१४७ आणि यकृताच्या कर्करोगाचा फैलाव: इन्व्हेजनचा (जाळी भेदून शिरण्याचा) प्रयोग बिनचूक कसा करायचा

सीडी१४७ या पेशीपटलावरच्या प्रथिनाचं नॉकडाउन केल्यावर (पेशीत ते बनणं कमी केल्यावर) इन्सर्टच्या, म्हणजे सच्छिद्र पडद्याच्या छोट्या पेल्याच्या, खालच्या बाजूला जांभळ्या रंगवलेल्या पेशी कमी दिसल्या, की बरेच जण लगेच लिहून मोकळे होतात: हे प्रथिन यकृताचा कर्करोग पसरवतं. एवढ्या पुराव्यावर ते म्हणता येत नाही. पेशी कमी दिसायला निदान चार कारणं असू शकतात. त्या सरकल्या नाहीत, सरकायच्या आधीच मेल्या, पुरेशा वाढल्या नाहीत, किंवा पडद्यावर लावलेल्या जेलला चिकटल्याच नाहीत. चारही वेळा फोटो तोच येतो. खालची सगळी कृती पहिलं कारण बाकीच्या तिघांपासून वेगळं काढण्यासाठी आहे. एमएस्सीचं प्रोजेक्ट करणाऱ्यांना किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात असलेल्यांना ती समोर ठेवून काम करता यावं, अशा बेतानं लिहिली आहे.

हे प्रथिन काय करतं

इथे यकृताचा कर्करोग म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून उगवणारा. तो आधी पोर्टल शिरेच्या फांद्यांतून यकृतातच पसरतो. यकृतातून बाहेर जाणारं रक्त हेपॅटिक शिरांमधून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसात जातं, म्हणून यकृताबाहेरच्या गाठी सगळ्यात जास्त फुप्फुसात सापडतात.

या प्रवासाला निघणाऱ्या पेशीला शेजारणीचा हात सोडावा लागतो (ई-कॅडहेरिन कमी होतं), आजूबाजूच्या जाळीला पकड घ्यावी लागते (इंटेग्रिन), जाळी कापावी लागते (एमएमपी एन्झाइम्स) आणि मग पुढे सरकावं लागतं. ही बहुतेक कामं पेशीपटलावरच्या प्रथिनांकडे असतात. सीडी१४७चा यातल्या एकाहून जास्त कामांशी संबंध येतो. याचीच दुसरी नावं बेसिजिन आणि एमप्रिन. पटल एकदाच ओलांडणारं प्रथिन, बाहेर इम्युनोग्लोब्युलिनसारखे दोन भाग, आत छोटी शेपटी. साखरेशिवाय त्याचं वजन साधारण २७ किलोडाल्टन असतं. तीन जागी साखरेच्या साखळ्या लागल्या की वेस्टर्न ब्लॉटवर तेच ४५ ते ६५च्या मध्ये पसरट पट्ट्यासारखं दिसतं. तो पसरट पट्टा म्हणजे खराब जेल नव्हे. शंका असेल तर लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) पीएनजीएज-एफ या साखर कापणाऱ्या एन्झाइमनं पचवा, पट्टा खाली २७-२८च्या आसपास आवळून येतो.

कामं तीन लक्षात ठेवा. एक, स्वतःच्या आणि त्याहून जास्त शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या एमएमपी वाढवणं. दोन, अल्फा-३ बीटा-१ आणि अल्फा-६ बीटा-१ या इंटेग्रिनांसोबत राहून एफएके हा पेशीतला संदेशमार्ग चालू करणं. तीन, लॅक्टेट बाहेर टाकणाऱ्या एमसीटी-१ आणि एमसीटी-४ या वाहक प्रथिनांना पटलापर्यंत नेऊन तिथे टिकवणं. पसरण्याच्या चर्चेत तिसरं काम विसरलं जातं, आणि नियंत्रण प्रयोग नेमके तिथेच फसतात. ते पुढे येईल. या प्रथिनाचा विचार केवळ प्रयोगशाळेपुरता नाही: त्याला चिकटणारी, किरणोत्सारी आयोडीन-१३१ जोडलेली मेटुक्सिमॅब ही अँटिबॉडी चीनमध्ये २००५ साली यकृताच्या कर्करोगासाठी मंजूर झाली.

कोणत्या पेशी घ्यायच्या

सुरुवात हुह-७नं करा. १९८२ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेली ही लाइन खऱ्या हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची आहे आणि मध्यम वेगानं सरकते, त्यामुळे घट आणि वाढ दोन्ही मोजता येतात. हेपजी-२ सगळ्यांच्या फ्रीझरमध्ये असते, पण ती मुळात हेपॅटोब्लास्टोमाची आहे. शिवाय ती गठ्ठ्यानं वाढते आणि जाळीतून फार कमी जाते. हेप-३बीमध्ये हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए जोडलेला आहे, म्हणून ती जैवसुरक्षा पातळी २च्या नियमांनीच हाताळा. एसके-हेप-१ भराभर सरकते म्हणून आवडती असते, मात्र तिचे गुण रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींचे आहेत. तिच्यावरून यकृतपेशींबद्दल निष्कर्ष काढू नका.

बीईएल-७४०२, एसएमएमसी-७७२१ आणि 'सामान्य यकृतपेशी' म्हणून वापरली जाणारी एल-०२ या लाइन्स प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी निघाल्या आहेत. त्यांच्यावर कितीही सुरेख प्रयोग केला तरी तो यकृताचा होत नाही. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क मागून आणण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून लाइन घ्या. आल्यावर एसटीआर प्रोफाइल (डीएनएचा ठसा) जुळवा, मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारे सूक्ष्म जिवाणू) तपासा, आणि कमी पॅसेजच्या (कमी वेळा वाढवलेल्या) दहा-बारा व्हायल गोठवून ठेवा. मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशींची वाढ आणि जनुकांची अभिव्यक्ती दोन्ही बदलतात. मीडियम गढूळ होत नाही, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही.

नॉकडाउन

सहा खान्यांच्या प्लेटमध्ये दर खान्यात २ मिली मीडियम, पेशी ४० ते ५० टक्के भरलेल्या. एसआयआरएनएची (ठरावीक जनुक दाबणाऱ्या छोट्या आरएनएची) अंतिम तीव्रता २० नॅनोमोलर ठेवायची, म्हणजे २० मायक्रोमोलर स्टॉकमधून खान्याला २ मायक्रोलिटर. लिपोफेक्टामिन आरएनएआयमॅक्स (तो पेशीत पोचवणारं द्रव) ५ मायक्रोलिटर. दोन्ही वेगवेगळ्या नळ्यांत ऑप्टिमेममध्ये पातळ करून मग एकत्र करा, १० मिनिटं थांबा आणि थेंबथेंब टाका. मीडियममध्ये अँटिबायोटिक नको. या अवस्थेत पेशीपटल त्यांना सहज आत घेतं आणि पेशी मरतात.

चार गट हवेत: काहीच न दिलेल्या पेशी, स्क्रॅम्बल्ड (कुठल्याच जनुकासाठी नसलेला एसआयआरएनए), आणि सीडी१४७च्या दोन वेगवेगळ्या जागांवर बसणाऱ्या दोन एसआयआरएनए. एकाच एसआयआरएनएवर विसंबू नका, कारण तो भलत्याच जनुकालाही दाबू शकतो. दोघांपैकी एक ३ प्राइम यूटीआरवर (एमआरएनएच्या टोकाचा, प्रथिनाचा कोड नसलेला भाग) बसणारा निवडला तर पुढे फार सोय होते. नंतर केवळ कोडिंग भाग असलेला प्लाझ्मिड देऊन प्रथिन परत आणता येतं आणि एसआयआरएनए त्या प्लाझ्मिडला हात लावत नाही. प्रथिन परतल्यावर सरकणंही परतलं, तर तुमच्या दाव्याला याहून भक्कम आधार नाही. समीक्षकांनी मागायची वाट न पाहता हा प्रयोग पहिल्या आराखड्यातच धरा.

क्यूपीसीआरमध्ये एमआरएनए २४ तासांत खाली दिसतो. पृष्ठभागावर आधीच बसलेलं प्रथिन मात्र तेवढ्यात जात नाही. इन्सर्टचा प्रयोग ४८ तासांनंतरच लावा.

पृष्ठभागावर खरंच कमी झालं का

वेस्टर्न ब्लॉट पेशीतलं सगळं प्रथिन दाखवतो, आतल्या पुटिकांमधलंही. आपल्याला पटलावरचं हवं, म्हणून फ्लो सायटोमेट्री (चमकणारी अँटिबॉडी लावून एकेका पेशीची चमक मोजणं). इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे ट्रिप्सिन. ते पेशी सोडवताना पृष्ठभागावरची प्रथिनंही छाटतं, मग नॉकडाउन न झालेल्या पेशीही 'कमी' दिसतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये २ ते ५ मिलिमोलर ईडीटीए घाला, ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटं ठेवा आणि हळुवार पिपेटनं पेशी सोडवा. हुह-७ हट्टी वाटल्या तर अ‍ॅक्युटेज वापरा, पण सगळ्या गटांना तेच.

दर नळीला ३ लाख पेशी, १०० मायक्रोलिटर थंड पीबीएस, त्यात २ टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम). एफसी ब्लॉक १० मिनिटं, मग अँटिबॉडी बर्फावर अंधारात ३० मिनिटं. दोनदा धुवा, ३०० जी, ५ मिनिटं. शेवटी ७-एएडी (मेलेल्या पेशी ओळखणारा रंग), कारण मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी ओढून घेतात. पेशींना छिद्रं पाडणारं सॅपोनिन किंवा ट्रायटन इथे अजिबात नको. निदान १० हजार जिवंत पेशी मोजा.

वाचताना 'किती टक्के पॉझिटिव्ह' हा आकडा बाजूला ठेवा. सीडी१४७ इतकं भरपूर असतं की चांगल्या नॉकडाउननंतरही बहुतेक पेशी आयसोटाइपच्या (सीडी१४७ला न चिकटणाऱ्या नियंत्रण अँटिबॉडीच्या) उजवीकडेच राहतात. मीडियन फ्लुओरेसन्स घ्या, त्यातून आयसोटाइपचा मीडियन वजा करा आणि स्क्रॅम्बल्डशी तुलना करा. घट ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पुढे जाऊ नका, आधी ट्रान्सफेक्शन सुधारा. हिस्टोग्राममध्ये दोन शिखरं दिसली तर काही पेशींना एसआयआरएनए मिळालाच नाही. इन्सर्टमधून पार होणाऱ्या पेशी नेमक्या त्याच असू शकतात.

इन्सर्टचा दिवस

२४ खान्यांच्या प्लेटचे, ६.५ मिमी व्यासाचे, ८ मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट घ्या. चार गट, प्रत्येकी तीन मॅट्रिजेल (पेशींभोवतीच्या जाळीसारखं जेल) लावलेले आणि तीन कोरे, म्हणजे २४.

मॅट्रिजेल आदल्या रात्री ४ अंशांवर, फ्रीजच्या दाराऐवजी आतल्या कप्प्यात, बर्फात खोचून वितळायला ठेवा. १० अंशांच्या पुढे ते गोठायला लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी बंद असलेल्या खोलीत ते टिपमध्येच बसतं. टिप, नळ्या, इन्सर्ट सगळं आधी थंड करा. तीव्रता लॉटनुसार बदलते, ती बाटलीसोबतच्या प्रमाणपत्रावर पाहूनच हिशेब करा. समजा ९ मिग्रॅ प्रति मिली आहे आणि आपल्याला ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिली हवं, तर तीसपट पातळ: ५० मायक्रोलिटर मॅट्रिजेल आणि १,४५० मायक्रोलिटर थंड सीरमविरहित मीडियम. दर इन्सर्टला १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर २ तास. मग वर उरलेलं द्रव पडद्याला टिप न लावता काढून घ्या. ग्रोथ फॅक्टर कमी केलेला प्रकार वापरा. साध्या मॅट्रिजेलमधले वाढघटक पेशींना वरच्या बाजूलाच रमवतात आणि खाली जायची ओढ कमी करतात.

पेशी पुन्हा ईडीटीएनंच सोडवा. ०.१ टक्का बीएसए घातलेल्या सीरमविरहित मीडियममध्ये दोनदा धुवा. इथे घाई झाली तर वरच्या कप्प्यात सीरम शिल्लक राहतं, वर-खाली फरक उरत नाही आणि नियंत्रण पेशीसुद्धा जागच्या हलत नाहीत. ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. गठ्ठे राहिले तर एका ठिकाणी ढीग आणि बाकी पडदा रिकामा असं दृश्य मिळतं. ट्रिपॅन ब्ल्यू लावून केवळ जिवंत पेशी मोजा आणि २.५ लाख प्रति मिली करा.

आधी खालच्या खान्यात १० टक्के एफबीएसचं मीडियम ६०० मायक्रोलिटर. इन्सर्ट तिरका धरून एका कडेनं खाली उतरवा. सरळ टाकला तर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढा भाग कोरडा राहतो. मग आत २०० मायक्रोलिटर, म्हणजे ५० हजार पेशी. शिल्लक इन्सर्ट असेल तर एका खान्यात खालीही सीरमविरहित मीडियम ठेवा. सीरमची ओढ नसताना किती पेशी अशाच उतरतात ते त्यावरून कळतं.

वेळ आधी छोट्या चाचणीत ठरवा: नियंत्रण पेशींवर १८, २४ आणि ३६ तास. हुह-७साठी बहुधा २४ तास पुरतात. ज्या वेळी पेशी मोजण्याइतक्या उतरल्या आहेत पण पडदा अजून भरलेला नाही, ती वेळ धरा. मॅट्रिजेलचे आणि कोरे इन्सर्ट एकाच वेळी थांबवा.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं (फ्यूम हूडमध्ये), पीबीएस, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट २० मिनिटं, नळाच्या पाण्याखाली नाही तर भांड्यात बुडवून दोन-तीनदा धुणं. मग कापसाचा बोळा ओला करून आतली बाजू पुसा, दुसऱ्या कोरड्या बोळ्यानं कडांचा कोपरा. कडेला राहिलेल्या वरच्या पेशी खालच्या समजून मोजल्या जातात, म्हणून मोजताना कड सोडून मध्य आणि चार बाजू अशी पाच क्षेत्रं १०एक्स ऑब्जेक्टिव्हखाली घ्या. छिद्रं गोल, एकसारखी, पारदर्शक दिसतात. पेशीला रंग आणि केंद्रक असतं. इन्सर्टवर गटाचं नाव न लिहिता क्रमांक लिहा आणि मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

रंग १० टक्के अ‍ॅसेटिक आम्लात उतरवून ५९० नॅनोमीटरला वाचायचा असेल, तर पेशी नसलेला मॅट्रिजेलचा इन्सर्टही तसाच रंगवा. जेल स्वतः बराच रंग पितं.

सरकणं की वाढ? सगळ्यात महत्त्वाचा भाग

ज्या दिवशी इन्सर्ट लावले त्याच दिवशी, त्याच नळीतल्या पेशी ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये लावा. अर्ध्या खान्यांत १० टक्के सीरम, अर्ध्यांत सीरमविरहित मीडियम, कारण वरच्या कप्प्यात पेशी उपाशीच असतात. २४ तासांनी किती जिवंत उरल्या ते पाहायचं.

सवयीनं इथे एमटीटी (रंगावर आधारलेली चाचणी) लावला जातो. सीडी१४७साठी तो धोक्याचा आहे. एमटीटी पेशींची संख्या मोजत नाही, त्यांची चयापचयाची लगबग मोजतो. सीडी१४७ गेलं की एमसीटी-१ आणि एमसीटी-४ पटलावर टिकत नाहीत, लॅक्टेट आत साचतं आणि पेशींची संख्या तीच असूनही रंग कमी येऊ शकतो. त्यामुळे इथे केंद्रकं मोजा: होएक्स्ट (केंद्रकाचा रंग) लावून फोटो, किंवा सरळ ट्रिपॅन ब्ल्यू आणि हिमोसायटोमीटर. जुनी पद्धत आहे, पण हा प्रश्न ती नेमका सोडवते.

समजा नॉकडाउनमध्ये २४ तासांनी जिवंत पेशी नियंत्रणाच्या ८० टक्के आहेत आणि जाळीपलीकडे ५० टक्के. मग ५० भागिले ८०, म्हणजे जिवंत पेशींच्या हिशेबात ६२.५ टक्के पार झाल्या. सरकण्यातली घट ५० नसून ३७.५ टक्के आहे. लेखात हाच आकडा द्या.

दुसरा हिशेब कोऱ्या इन्सर्टचा. समजा नियंत्रणात मॅट्रिजेलमधून १२० आणि कोऱ्यातून २०० पेशी गेल्या, नॉकडाउनमध्ये ६० आणि १००. दोन्हीकडे गुणोत्तर ०.६ आहे. याचा अर्थ पेशींची चाल मंदावली, जाळी कापण्याची क्षमता तीच राहिली. 'इन्व्हेजन कमी झालं' हे वाक्य तेव्हा चुकीचं ठरतं. नॉकडाउनचं गुणोत्तर ०.६च्या खाली गेलं असतं, तरच जाळी कापण्याबद्दल बोलता आलं असतं.

चिकटण्याची चाचणी सोपी आहे: मॅट्रिजेल लावलेल्या ९६च्या प्लेटमध्ये पेशी ४५ ते ६० मिनिटं ठेवा, दोनदा हळू धुवा, उरलेल्या मोजा. सीडी१४७ इंटेग्रिनांसोबत काम करत असल्यामुळे इथे फरक पडू शकतो, आणि पडला तर तो लपवायचा नाही. पकड हा पसरण्याचाच एक टप्पा आहे. ते स्वतंत्रपणे लिहा, इतकंच.

ओरखड्याची चाचणी पूरक म्हणून ठीक. २०० मायक्रोलिटरच्या टिपनं रेघ ओढण्याआधी मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २ तास, म्हणजे पेशी विभागून रेघ भरत नाहीत. हे औषध पेशींना मारणारं आहे, हातमोजे आणि वेगळा कचरा लागेल.

झायमोग्राफी

एमएमपी-२ आणि एमएमपी-९ जिलेटिन खातात, त्याचाच उपयोग करायचा: जेलमधलं जिलेटिन कुठे खाल्लं गेलं ते पाहायचं. पेशींना २४ तास सीरमविरहित मीडियममध्ये ठेवा. सीरममध्ये या एन्झाइम्स आधीच असतात आणि त्या तुमच्या पेशींच्या नावावर जमा होतात. मीडियम गोळा करून त्या खान्यातल्या पेशी मोजा आणि लोडिंग पेशींच्या संख्येवर समान करा. नमुना उकळायचा नाही, डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. या दोन्हींमुळे एन्झाइम जेलमधून परत उभी राहत नाही आणि जेल पूर्ण निळं राहतं.

०.१ टक्का जिलेटिन घातलेलं ८ टक्के जेल थंडीत चालवा. २.५ टक्के ट्रायटन एक्स-१००मध्ये अर्धा अर्धा तास दोनदा धुवा, म्हणजे एसडीएस निघतं. मग ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५ आणि १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. कूमासीनंतर निळ्या जेलवर पांढरे पट्टे दिसतात: एमएमपी-९चं पूर्वरूप ९२, एमएमपी-२चं ७२ किलोडाल्टनला, सक्रिय रूपं त्यांच्या थोडी खाली. जेलचा एक तुकडा ईडीटीए असलेल्या बफरमध्ये ठेवा. तिथले पट्टे गेले तर ती धातूवर चालणारी एन्झाइम आहे हे पक्कं.

फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. सीडी१४७ पुष्कळदा शेजाऱ्यांकडून काम करून घेतं. यकृतात ते शेजारी म्हणजे स्टेलेट पेशी, आणि त्यांची एलएक्स-२ ही मानवी लाइन उपलब्ध आहे. हुह-७ आणि एलएक्स-२ एकत्र वाढवून त्यांचं मीडियम तपासा, सोबत दोघींची स्वतंत्र मीडियमं हवीतच. यकृताचा कर्करोग बहुधा सिरोसिस झालेल्या, म्हणजे स्टेलेट पेशींनी तंतुमय करून टाकलेल्या यकृतातच उगवतो, त्यामुळे हा प्रयोग रोगाच्या जास्त जवळचा आहे.

अँटिबॉडीनं प्रथिन रोखून पाहायचं असेल तर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून सुरू करा, सोबत तेवढीच आयसोटाइप अँटिबॉडी. बाटलीवर सोडियम अझाइड लिहिलंय का ते आधी वाचा. ते पेशींना मारतं आणि परिणाम अँटिबॉडीचा वाटतो.

किती वेळा, आणि पुढे काय

एका दिवशी लावलेले तीन इन्सर्ट म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर तीन नव्हे. ते तिन्ही एकाच फ्लास्कचे, एकाच ट्रान्सफेक्शनचे आहेत, त्यांची सरासरी म्हणजे एक नोंद. वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या पॅसेजवर, नव्या ट्रान्सफेक्शननं तीनदा केलं की एन तीन होतो. पंधरा क्षेत्रं मोजून एन पंधरा लिहिणं ही सांख्यिकीतली चूक आहे. तिच्यामुळे नसलेला फरकही महत्त्वाचा वाटू लागतो.

उंदरांकडे जायचं झाल्यास संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीच्या नियमांनुसार, परवानगी आधी. एसआयआरएनए काही दिवसांतच ओसरतो, म्हणून इथे एसएचआरएनए किंवा क्रिस्परनं केलेली स्थिर लाइन लागते. शिवाय प्रश्नाप्रमाणे मार्ग निवडा. शेपटीच्या शिरेतून दिलेल्या पेशी थेट फुप्फुसात पोहोचतात. त्यातून रुजण्याची क्षमता कळते, मूळ गाठीतून निसटण्याबद्दल काहीच कळत नाही. प्लीहेत दिलेल्या पेशी पोर्टल रक्तातून यकृतात जातात. सीडी१४७मुळे पेशी गाठीतून बाहेर पडतात का हे पाहायचं असेल, तर गाठ उंदराच्या यकृतातच लावावी लागते. नंतर यकृताच्या दुसऱ्या खंडांचे आणि फुप्फुसांचे काप काढून गाठी मोजाव्या लागतात, आणि प्रत्येक उंदराच्या मूळ गाठीचं आकारमान त्या मोजणीशेजारी नोंदवावं लागतं. मूळ गाठच लहान राहिली असेल, तर फुप्फुसातल्या कमी गाठींचं कारण पुन्हा वाढ हेच असू शकतं.